गेरीमँडरची शिवफेरी

मार्बलहेड, १७ फेब्रुवारी १८१२

जज्जसाहेब,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार घ्यावा. एरवी मी तो वाकून करतो, आज जरा ताठ उभा राहून करतो आहे.

बोस्टनला कायदा झाला. गव्हर्नर गेरींनी सही केली. आजवर अख्खी एसेक्स काउंटी एकत्र मते देऊन राज्याच्या सिनेटात पाच माणसे पाठवत असे. त्यात मी चार वेळा उभा राहिलो आणि चारही वेळा तुमच्या फेडरल पक्षाच्या लोकांनी मला आपटले. आता काउंटीचे दोन तुकडे झाले आहेत. आमच्या तुकड्यात खालून चेल्सी, लिन, सेलम, मार्बलहेड, डॅनव्हर्स, मग तुमचे नदीकाठचे गाव, वर अँडोव्हर, मेथ्युएन आणि तिथून उजवीकडे वळून हेव्हरिल, एम्सबरी, सॉल्सबरी. या पट्ट्याला तीन जागा, उरलेल्या काउंटीला दोन. पट्टा दिसायला वाकडा आहे हे खरे, पण हिशेब सरळ आहे: तिन्ही जागा आम्हा रिपब्लिकनांच्या.

काल पक्षाची मंडळी घरी आली होती. तिघांपैकी एक नाव माझे ठरले आहे. हे ऐकून टॅमझिन म्हणाली, “बरं झालं. तीस वर्षं हा माणूस झोपेत सिनेटपुढं भाषणं करतोय. आता तिथं जाऊन झोपेल, मला घरी झोप मिळेल.” तुमची बहीण आहे, दुसरे काय बोलणार!

तुमचे अभिनंदन मिळणार नाही हे ठाऊक आहे. निदान शिव्या तरी सुवाच्य अक्षरात पाठवा.

तुमचा,
जोएल ब्रिंबलकम

*

इप्सविच नदीकाठ, २६ फेब्रुवारी १८१२

प्रिय जोएल,

शिव्या देणे हा युक्तिवादाचा पराभव असतो, म्हणून मी नकाशा मागवला आणि दोन दिवस त्याचा अभ्यास केला.

प्रथम जे प्रशंसेस पात्र आहे त्याची प्रशंसा करतो. हे काम अनाड्याचे नव्हे. ज्याने ही रेघ ओढली त्याला प्रत्येक गावातील मतांचा कल नाडीप्रमाणे ठाऊक असला पाहिजे. न्यूबरीपोर्टसारखी आमच्या पक्षाची दाट वस्तीची गावे त्याने एका बाजूला कोंडली. तेथे आम्ही गरजेहून कितीतरी अधिक मतांनी जिंकू, आणि ते आधिक्य वाया जाईल. उरलेल्या लांबट पट्ट्यात तुम्ही थोडक्या मतांनी जिंकाल, परंतु जागा तीन मिळवाल. एकाही माणसाचे मत काढून घेतलेले नाही. एकालाही मत देण्यास मनाई नाही. तरीही निकाल मतदानापूर्वीच लागलेला आहे. कुलूप न तोडता घर लुटण्याची ही कला आहे, आणि कला म्हणून मी तिला मान देतो.

आता न्यायाविषयी. शेताचा बांध पेरणीपूर्वी घातला तर तो बांध असतो. कोणते पीक कोठे दाट उभे आहे हे पाहून मग घातलेल्या बांधाला आमच्याकडे वेगळे नाव आहे. आपण म्हणाल, कायद्याने परवानगी दिली. मी विचारतो, ती परवानगी कोणी कोणाला दिली? ज्यांना पीक हवे होते त्यांनी स्वतःलाच.

प्रतिनिधी म्हणजे जो दुसऱ्यांच्या वतीने बोलतो तो. ज्यांना तो ओळखत नाही त्यांच्या वतीने तो काय बोलणार? म्हणून एकच प्रश्न विचारून थांबतो. मेथ्युएन आपण कधी पाहिले आहे काय?

टॅमझिनला आशीर्वाद.

आपला,
असाहेल थर्लो

*

मार्बलहेड, ५ मार्च १८१२

जज्जसाहेब,

तुमचे पत्र मी टॅमझिनला वाचून दाखवले. कला-बिला, बांध-बिंध इथपर्यंत मी हसत होतो. तुमच्या लोकांच्या हातात सत्ता असती तर त्यांनी हाच नकाशा उलटा करून वापरला असता, हे तुम्हीही जाणता. पण मेथ्युएनपाशी आलो तशी ही बाई विणकाम खाली ठेवून म्हणाली, “मग? पाहिलंय का?”

नाही पाहिले. इतकी वर्षे जहाजाची कप्तानकी केली, ग्रँड बँक्सच्या समुद्रातले मासेमारीचे पट्टे मी डोळे मिटून सांगेन. पण मेथ्युएनला नदी गावाच्या कोणत्या अंगाने वाहते ते मला माहीत नाही.

तेव्हा मी असे ठरवले आहे. मी वीस वर्षे मार्बलहेडचा पंच आहे. आमच्या राज्यात गावाचे पंच ठरावीक वर्षांनी शेजारगावच्या पंचांना बोलावून शीव पायी फिरतात, हे तुम्हाला काय सांगायचे! प्रत्येक कोपऱ्यावर दोन्हीकडचा एकेक माणूस खुणेच्या राशीवर एकेक दगड ठेवतो, रमचा एक घोट घेतो आणि पुढे जातो. ज्या जमिनीची शीव पायांनी फिरलो नाही तिच्याबद्दल गावसभेत तोंड उघडायचे नाही, हे मला माझ्या बापाने शिकवले. मग या नव्या तुकड्याला वेगळा नियम का? मी त्याची शीव फिरणार. सगळी पायी जमणार नाही, बरीचशी घोडागाडीने, मोक्याच्या जागी पायी.

रीतीप्रमाणे पलीकडच्या गावांच्या पंचांना कळवले, अमुक दिवशी शिवेवर यावे. उत्तरे येत आहेत. एकाने विचारले आहे, माझी प्रकृती बरी आहे ना. दुसऱ्याने थेट टॅमझिनलाच लिहून विचारले आहे.

सोळा तारखेला तुमच्या घरी मुक्काम करीन. तुमच्या गुडघ्यांना चालणे जमत नाही, म्हणून तुमच्या गावची शीव ठाऊक असलेला कोणी माणूस सोबत द्या. वाद मात्र जेवणानंतर घालू.

जोएल

*

हेव्हरिल, २१ मार्च १८१२

जज्जसाहेब,

तुमच्या घरून निघून चार दिवस झाले. रस्ते म्हणजे नुसता चिखल. गाडीचे चाक दोनदा रुतले आणि दोन्ही वेळा फेडरल पक्षाच्या माणसांनीच काढून दिले. हे त्यांनी मुद्दाम केले असावे.

तुम्ही सोबत दिलेला शेजारी, एबर स्टाइल्स, शिवेपर्यंत आला तेव्हा काय झाले ते सांगण्यासाठी लिहितो. त्याच्या कुरणाच्या टोकाला दगडी कुंपण आहे. तीच तुमच्या गावची शीव, आणि आता तीच आमच्या तुकड्याचीही. मी विचारले, “पलीकडचं शेत कोणाचं?”

“माझ्या भावाचं. एमसचं.”

“फेडरल असेल.”

“एमस?” एबर इतका मोठ्याने हसला की कुंपणावरचे पाखरू उडाले. “कॅप्टन, एमस माझ्यापेक्षा कडवा रिपब्लिकन आहे. पाद्री फेडरल आहे म्हणून तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो.”

“मग तो पलीकडे कसा?”

“हे तुम्ही मला विचारता? रेघ तुमची!”

एवढ्यात एमसच कुंपणावर येऊन टेकला. “तुम्हीच का ते सिनेटवाले? माझं नाव गाळलंत म्हणे. माझं काही चुकलं का?”

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणालो. “तुमचं गाव चुकीच्या बाजूला आहे.”

“गाव दीडशे वर्षं इथंच आहे.”

“तुमच्या आसपास फेडरल फार आहेत.”

“ते तर मी पंधरा वर्षं ओरडून सांगतोय! म्हणून मला त्यांच्यातच कोंडायचं?”

तेवढ्यात पलीकडच्या गावचे एक पंच खरेच येऊन उभे राहिले. म्हातारे गृहस्थ, काठी टेकत आले होते, कोटाच्या खिशात रमची बाटली. बोलावणे आले म्हणजे गेलेच पाहिजे, हीच रीत, म्हणाले. कोपऱ्यावरच्या दगडांच्या राशीकडे बघत बघत त्यांनी मला विचारले, “शीव तर आम्ही दोन्ही गावचे पंच गेल्याच साली फिरलो. दगड जिथल्या तिथे आहेत. काय हललं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “दगड हललेले नाहीत.”

“मग मला चिखलातून कशाला आणलंत?”

शेवटी रीत म्हणून मी राशीवर एक दगड ठेवला, त्यांनी एक ठेवला. बाटली फिरली. एमसला घोट द्यावा की नाही यावर दोघा भावांची जुंपली, कारण तो आता परमुलखातला. मग त्यालाच सगळ्यात मोठा घोट मिळाला.

मेथ्युएन पाहिले. नदी दक्षिणेच्या अंगाने वाहते. एका घरी मला सफरचंद भरून भाजलेली पोळी खाऊ घातली, आणि घरमालकाने विचारले, “मार्बलहेडच्या माणसाला आमच्याकडं काय काम?” मी तुमचा सिनेटर होणार आहे, असे सांगितले. तो म्हणाला, “असं होय. अजून एक तुकडा घ्या.”

जोएल

*

इप्सविच नदीकाठ, ३० मार्च १८१२

प्रिय जोएल,

हेव्हरिलहून पाठवलेले पत्र पावले. आपण घरी पोहोचला असाल असे धरून मार्बलहेडला लिहितो. सोबत बोस्टनच्या वर्तमानपत्रातील एक कात्रण जोडले आहे. अद्याप पाहिले नसल्यास बसून पाहावे.

चित्रात आपला मतदारसंघ आहे. रेघेत काहीही बदल केलेला नाही. केवळ सॉल्सबरीच्या टोकाला डोके, पाठीवर पंख आणि खाली नखे काढली आहेत. आपले मार्बलहेड पंजाच्या जागी पडते. आमच्या गावाच्या वाट्याला कंबर आली आहे. या प्राण्याच्या उत्पत्तीविषयी बोस्टनमध्ये दोन-तीन कथा फिरत आहेत. कोणी म्हणतात जेवणाच्या मेजावर, कोणी म्हणतात वर्तमानपत्राच्या कचेरीत, नकाशा पाहून एकजण उद्गारला, “हा तर सॅलमँडर!” म्हणजे आगीतही जळत नाही अशी जुनी समजूत असलेला तो सरड्यासारखा प्राणी. त्यावर दुसरा म्हणाला, “सॅलमँडर कसला? गेरीमँडर म्हणा!” प्रथम कोण बोलला याविषयी साक्षीदारांत मतभेद आहेत, आणि मी त्यांपैकी कोणावरही निर्णय देणार नाही. आठवडाही झाला नाही, पण आमच्या गिरणीवरची माणसे तो शब्द वापरू लागली आहेत.

दोन गोष्टी न्यायाने नोंदवतो. पहिली, गव्हर्नर गेरींना हा कायदा मनापासून रुचला नव्हता असे विश्वासू लोक सांगतात. रेघ इतरांनी ओढली, सही त्यांची. नाव सहीला चिकटले. दुसरी, असे बांध याआधीही कोरले गेले आहेत. परंतु त्यांना नाव नव्हते, म्हणून पकडून दाखवता येत नव्हते. याच विषयावर मी बारा पानांचा निबंध लिहून ठेवला होता, प्रत्येक विधान आधारासह. मुद्रकाने तो वाचला, स्तुती केली आणि परत पाठवला. त्या चित्रकाराने पंख आणि नखे काढली, आणि जे मी बारा पानांत सिद्ध केले ते न वाचणाऱ्यालाही कळले. हे मान्य करताना मला त्रास होतो, तरीही मान्य करतो. फार उत्तम काम आहे.

आपण स्वतः त्या प्राण्याच्या पाठीवरून प्रवास करून आलेले एकमेव गृहस्थ आहात. म्हणून वाटले, चित्र पाहून आपल्यालाही हसू येईल.

आपला,
असाहेल थर्लो

*

मार्बलहेड, २ एप्रिल १८१२

जज्जसाहेब,

हसू आले नाही.

चित्र कुशल आहे, नाही म्हणत नाही. आमच्या धक्क्यावरही ते पोहोचले. पण मी त्या प्राण्यातून हिंडून आलो, आणि मला कुठे नखे दिसली नाहीत. तुमच्या चित्राच्या मानेत, जिथे खवले काढले आहेत, तिथे मला सफरचंदाची पोळी खाऊ घालणारा माणूस राहतो. हसायचे तर रेघ ओढणाऱ्यांना हसा. आत राहणाऱ्यांनी काय केले?

असो. तुमचे पत्र येण्याआधीच मी उमेदवारी परत केली होती. तुमच्या युक्तिवादामुळे नव्हे आणि चित्रामुळेही नव्हे, त्यामुळे छाती फुगवून घेऊ नका.

सॉल्सबरीला आमचा तुकडा संपतो. तिथून घरी जायला, आल्या वाटेने परत गेलात तर पुन्हा तोच वळसा आणि तोच चिखल. समुद्राकाठचा सरळ रस्ता धरलात तर एका दिवसात घर. मी सरळ रस्ता धरला. म्हणजे न्यूबरीपोर्ट, रोली, तुमच्या नदीच्या नावाचे ते इप्सविच गाव, बेव्हरली. सगळी आमच्या रेघेबाहेरची. आणि जज्जसाहेब, त्या रस्त्यावर मला नाव सांगावे लागले नाही. टोलनाक्यावरच्याने विचारले, कॉड मासा यंदा कसा पडेल. इप्सविचच्या खानावळीची बाई, हॅना, मला पाहून ओरडली, “आला बघा आपला पडीक सिनेटर!”

मी म्हणालो, “यंदा पडणार नाही, हॅना. यंदा तुम्हा लोकांची मतंच नाहीत मला.”

“म्हणजे?”

मी तिला सांगितले. तिने हातातले भांडे खाली ठेवले. मग म्हणाली, “चार वेळा तुला आम्ही पाडलं. माझ्या नवऱ्यानं चारही वेळा तुझ्याविरुद्ध मत लिहिलं, आणि चारही वेळा घरी येऊन म्हणाला, वाईट वाटतं, माणूस चांगला आहे, पक्ष गाढव आहे. यंदा तो डळमळत होता रे. आणि तू आम्हाला सोडून मेथ्युएनवाल्यांकडं गेलास?”

मी जेवलो, निघालो, आणि बेव्हरलीच्या पुलापर्यंत तेच डोक्यात घोळवत आलो. मला तीस वर्षे वाटत होते, मला सिनेटची खुर्ची हवी आहे. तसे नव्हते. मला इप्सविचकडून ‘हो’ ऐकायचे होते. ज्यांनी मला ‘नाही’ म्हटले, त्यांना वळवायचे होते. ते बाजूला काढून दिलेली खुर्ची घेऊन मी करू काय? तिच्यावर बसून कोणाला दाखवू?

पक्षाची मंडळी संतापली. त्यांच्यातला एक म्हणाला, “ब्रिंबलकम, तुमच्याजागी आम्ही खांब उभा केला तरी निवडून येईल.” मी म्हणालो, “तेच म्हणतोय मी.” त्यांनी दुसरे नाव घेतले. जागा त्यांना मिळणारच. माझ्या नकाराने रेघ केसभरही हलत नाही, हे मला माहीत आहे.

टॅमझिनने दोन दिवस मला थंडच जेवण वाढले. काल रात्री मासळीचे कालवण वाढताना म्हणाली, “असाहेलला कळव. नाहीतर त्याला वाटेल त्यानंच जिंकलं.”

म्हणून कळवले.

जोएल

*

इप्सविच नदीकाठ, २२ एप्रिल १८१२

प्रिय जोएल,

आपल्या पत्राचे उत्तर देण्यास विलंब झाला, कारण मला ते पुनःपुन्हा वाचावे लागले. त्यात माझ्या निबंधाच्या बारा पानांत नसलेले एक विधान आहे, आणि त्याचे खंडन मला करता येत नाही. मी न्यायासाठी वाद घालत होतो. आपण ज्यांना जिंकू शकला नाहीत त्यांच्याविषयी बोललात. प्रतिनिधित्वाची माझी व्याख्या अपुरी होती. ती आपल्या व्याख्येनुसार सुधारून घेतली आहे.

निकाल आपण ऐकले असतील. गेरीमँडरमधील तिन्ही जागा आपल्या पक्षाकडे गेल्या. सिनेट आपल्या पक्षाचे, मात्र गव्हर्नर गेरी स्वतः पडले. राज्यभर मोजलेल्या मतांना रेघ आडवी येत नाही. त्यांचे पद गेले, नाव राहील असे दिसते.

आमच्या गावसभेत सहा तारखेला मतदान झाले. रीतीप्रमाणे प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन नावे लिहून दिली आणि सभाध्यक्षांनी ती मोठ्याने वाचली. एका चिठ्ठीवर ‘जोएल ब्रिंबलकम, मार्बलहेड’ असे निघाले. कोणीतरी म्हणाले, “तो तर उभाच नाही.” हशा झाला. मग ‘एक’ अशी नोंद झाली. आपल्याला माहिती असावी म्हणून लिहिले.

आपला,
असाहेल थर्लो

*

मार्बलहेड, २९ एप्रिल १८१२

जज्जसाहेब,

एक मत! मी टॅमझिनला सांगितले तर तिने विणकामाची सुई माझ्या खांद्यात टोचली. आनंद झाला की ती असे करते.

ते कोणाचे हे मला ठाऊक आहे. एबर स्टाइल्सचे! त्या दिवशी कुंपणावरून परत येताना तो म्हणाला होता, “कॅप्टन, तुमच्यासारखा वेडा माणूस पहिल्यांदाच पाहिला.” मी तेव्हा ते मनाला लावून घेतले नाही, आता घेतो. तो कट्टर रिपब्लिकन, मी उभा नाही हे त्याला माहीत, आणि तरी त्याने आपल्या पक्षाचे एक मत माझ्यापायी वाया घालवले. चार निवडणुकांत मला हजारोंनी मते पडली, पण एकाही मतदाराचा चेहरा मला आठवत नाही. याचा आठवेल.

मी त्याला काही लिहीत नाही, माणूस संकोचेल. आमच्या तळघरात उन्हाळाभर मुरवलेला कॉड आहे. विकायचा नसतो तो, घरचा. त्याची एक पेटी गाडीवाल्याबरोबर त्याच्या दारी पाठवली आहे. का पाठवली ते तो समजेल.

जोएल

*

इप्सविच नदीकाठ, ८ मे १८१२

प्रिय जोएल,

पेटी सुखरूप पोहोचली. एबर ती गाडीवर तशीच ठेवून माझ्याकडे सल्ला विचारायला आला. त्याचे म्हणणे शब्दशः देतो: “जज्जसाहेब, मार्बलहेडच्या कॅप्टननं मला मासे का पाठवले? मी काय केलं? मी तर पक्षानं सांगितली तीन नावं लिहिली आणि गाईचं दूध काढायला घरी गेलो.” मी त्यास विचारले, चिठ्ठीवर चौथे नाव, अथवा बदललेले नाव नव्हते ना? तो दुखावला. म्हणाला, तो लबाड नाही.

येथे दुसरी एक बाब सांगणे भाग आहे. गावातील मते मोजल्यावर असे आढळले की आमच्या फेडरल पक्षाच्या पहिल्या दोन उमेदवारांना जितकी मते पडली त्याहून तिसऱ्यास एक कमी पडले. वीस वर्षांत या गावी असे घडले नव्हते. पक्षाने याची गांभीर्याने दखल घेऊन चौकशी नेमली आहे. चौकशीचे अध्यक्षपद माझ्याकडे आहे. मी सर्वांच्या जबान्या घेतल्या, एकाची सोडून. स्वतःचीच जबानी घेण्याचे मनुष्याला कायद्याने बंधन नाही. अहवालात ‘निष्पन्न काही नाही’ असे लिहिले आहे.

एबरला मी सांगितले, भेट परत पाठवणे असभ्य ठरेल, ठेवून घे. तो प्रामाणिक माणूस आहे. न कमावलेल्या वस्तूचे त्याला ओझे वाटत होते, म्हणून त्याने अर्धी पेटी माझ्या स्वयंपाकघरात उतरवून ठेवली. म्हणाला, “निदान तुम्ही तरी घ्या.”

मी आढेवेढे घेतले नाहीत. काल रात्री बटाटे आणि डुकराच्या चरबीबरोबर तो मासा शिजवला, आणि कोणासही न बोलावता एकट्याने खाल्ला. उत्तम मुरलेला होता. उरलेला अर्धा हिस्सा एबरकडे चुकून गेला आहे, परंतु त्याविषयी माझी तक्रार नाही.

आपला,
असाहेल थर्लो